शेजारच्या दुकानात आठ टक्के कमी, आता मी काय करू?

आलेलं पत्र, थोडं कापून देतेय:

"ताई नमस्कार. मी तासगाव तालुक्यातला. वडलांनी १९९८ ला कृषी सेवा केंद्र काढलं, मी बीएस्सी ॲग्री करून सात वर्षं झाली दुकान बघतोय. गिऱ्हाईक सगळं द्राक्षवालं, आसपासच्या चार गावांतलं. गेल्या वर्षी आमच्यापासनं तीनशे मीटरवर नवीन दुकान झालंय, काचेचं, एसी, आणि रोखीला सरळ ८ टक्के कमी. माझी चांगली चांगली कस्टमर तिकडं गेली. वडील म्हणतात आपणपण ८ कमी करू. मेहुणा म्हणतो एसी बसव, रील टाक, कवठेमहांकाळला दुसरी शाखा काढ. मला शंभराला सरासरी १२ सुटतात, त्यातले ८ दिले तर राहिलं काय, आणि नाही दिले तर गिऱ्हाईक राहत नाही. रात्री झोप लागत नाही. बाकी उलाढाल वर्षाला दीड कोटीच्या आसपास आहे, उधारी ५८ लाख आहे पण ती आमच्याकडं असतेच. काय करू सांगा."

तुला सरळ तू म्हणते, माझ्या भाच्याच्या वयाचा आहेस. पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं आठ टक्क्यांचं दुखणं आहे, दुसऱ्यांदा वाचताना शेवटच्या ओळीपाशी थांबले. दीड कोटीची उलाढाल, ५८ लाख उधारी, आणि वर लिहितोस काय तर "ती असतेच". अरे दुखतंय तिथं आणि तू पट्टी बांधायला निघालायस भलतीकडंच.

मी सांगलीत गणपती पेठ आणि मार्केट यार्डातल्या दुकानांचे हिशेब लिहिते, २६ वर्षं झाली. सासर सावळजचं, त्यामुळं द्राक्षबाग घरातच आहे आणि उधारी दोन्ही बाजूंनी बघितलीय, देणारा पण आणि बुडवणारा पण, त्यातला एक तर आमच्याच भावकीतला, असो.

आधी कागद घे. शंभराची औषधाची बाटली तुला ८८ ला पडते. ऑक्टोबर छाटणीला दिलीस, पैसे कधी येतात? बेदाणा झाला, वाळवायच्या शेडवरनं उतरला, कोल्ड स्टोरेजला लागला, "दर आला की देतो दादा" करत करत नऊ महिने तरी जातात, खरं की नाही. त्यातले कंपनी तुला उधारीचे ४५ दिवस देत असेल ते वजा करू, राहिले साडेसात महिने. सीसीचं, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाचं, व्याज ११ टक्के धर. ८८ रुपयांवर साडेसात महिन्यांचं व्याज होतं ६ रुपये. म्हणजे तू १२ सुटतात म्हणतोस ते १२ नाहीतच, ६ आहेत, आणि शंभरातल्या तिघांनी बुडवलं तर राहिले ३, त्यात पोराचा पगार, लाईट, गाडीभाडं, हमाली. आता वडील म्हणतात तसे ८ कमी केलेस आणि उधारी तशीच चालू ठेवलीस तर १२ तले ८ गेले, ६ व्याजात गेले, खिशातले २ घालून तू बाटली विकलीस. एवढं करून दुकानात गर्दी दिसेल आणि सगळ्यांना वाटेल धंदा जोरात आहे.

आणि तो समोरचा? तो काय घरचं भरून विकत नाही. ब्याण्णवला विकतो, चार रुपये सुटतात, पण आजच सुटतात. तेच ब्याण्णव परत कंपनीला भरतो, रोखीचं कॅश डिस्काउंट घेतो, म्हणजे त्याला ती बाटली बहुतेक ८८ ला पण पडत नाही, आणि एका सीझनात तोच पैसा चार-पाच वेळा फिरून येतो. तुझा एकदाच जातो आणि येताना दम लागलेला असतो. त्यामुळं तो आज ना उद्या बसेल, एवढं स्वस्त परवडणारच नाही, असं जे तू मनात धरून बसलायस ते आधी सोड. त्याला परवडतंय.

आता तू घालवलंस काय ते बघ. त्याच्याकडं कोण गेलं? रोखीवाले. तुझ्याकडं कोण राहिलं? ज्यांच्याकडं रोख नाही ते. साय त्यानं काढून नेली आणि ताकाचं भांडं तू पोटाशी धरून बसलायस. ५८ लाखांवर ११ टक्क्यांनी वर्षाला ६ लाख ३८ हजार होतात, तुझे सुटणारे सगळे मिळून १८ लाख, म्हणजे तिसरा हिस्सा नुसता थांबण्यात गेला. महिन्याला ५३ हजार. मेहुण्याला म्हणावं एसी आम्ही दर महिन्याला एक घेतोय, फक्त तो लोकांच्या बागेत बसवतोय.

म्हणून मी म्हणते तू औषधं विकतोयस असं तुला वाटतं, पण तुझं दुकान गेली २५-२७ वर्षं उधारी विकतंय आणि तीपण फुकट. यात वडलांची चूक नाही हां. १९९८ साली तो त्यांचा हुकमी पत्ता होता. तेव्हा तालुक्यात दुकानं किती होती, आणि आठ-नऊ महिने थांबणारा दुकानदार कुठं मिळत होता? लोक दहा किलोमीटरवरनं त्यांच्याकडं येत असणार. गंमत बघ, किसान क्रेडिट कार्ड त्याच साली आलं. आज त्यावर ३ लाखांपर्यंत, वेळेत भरलं तर ४ टक्क्यांनी पैसे मिळतात. द्राक्षाला तेवढ्यात भागत नाही हे मला माहीत आहे, पण शेतकरी करतो काय, सोसायटीचं नवंजुनं, म्हणजे जुनं कर्ज भरून नवीन उचलणं, तारीख न चुकवता करतो, कारण तारीख चुकली तर सवलत जाते, आणि तुझं ठेवतो शेवटी, कारण तुझी तारीख चुकली तर काहीच जात नाही. चार टक्केवाला पैसा धावत परत जातो आणि तुझा अकरा टक्केवाला फुकटचा पडून राहतो. त्याच्या जागी मी असते तर मीपण हेच केलं असतं.

तर दराचं असं कर. दोन दर लाव, आणि फळ्यावर लिही, तोंडी नको. उधारीवर व्याज लावतोय असं अजिबात म्हणू नको, गावात एका दिवसात सावकार म्हणून नाव होईल, त्यापेक्षा रोखीला सूट आहे म्हण, गोष्ट तीच पण कानाला वेगळी लागते. आणि सूट ८ नको, ५ दे. ८८ ची बाटली ९५ ला रोख गेली तर ७ रुपये आजच हातात, आणि शंभरानं उधार गेली तर सगळं नीट वसूल होऊनसुद्धा ६. म्हणजे पाच टक्के सोडून तू जास्त कमावतोस. हे गणित वडलांना त्यांच्याच वहीच्या मागच्या पानावर करून दाखव, मोबाईलवर नको, मोबाईलवरचं त्यांना पटणार नाही.

आता राहिला त्याच्या ९२ चा आणि तुझ्या ९५ चा फरक, दहा हजारांच्या बिलाला ३०० रुपये. हे ३०० लोकांनी तुला जास्त का द्यावेत? खरा प्रश्न हा आहे आणि पत्रात तो तू विचारलाच नाहीस.

एक सांगते, घरातलंच. आमच्या धाकट्या दिरांची तीन एकर थॉमसन जातीची द्राक्षबाग आहे. एका डिसेंबरात आठवडाभर ढगाळ होतं, बाग छाटणीपासनं साठ दिवसांची, आणि पानांवर पिवळं दिसायला लागलं. दीर घाबरले, डावणी, म्हणजे तो बुरशीचा रोग, आली म्हणून सांगलीतल्या एका दुकानात पळाले, काउंटरवरच्या पोरानं मोबाईलमधला फोटो बघितला न बघितला आणि २८०० चं औषध काढून ठेवलं. पैसे कमी पडले म्हणून घरी आले आणि जाता जाता आपल्या नेहमीच्या दुकानदाराला फोन केला. तो माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला बांधावर. धुकं होतं, पाय सगळे भिजलेले. त्यानं पहिलं काय केलं तर खालची चार पानं तोडून उलटी केली. वरनं पिवळी, पण शिरांच्या मधनं पिवळी, शिरा हिरव्याच, आणि खालच्या बाजूला पांढरं काहीच नाही. म्हणाला मला ही डावणी वाटत नाही, पण पैज नको. दोन पानं ओल्या फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, उद्या सकाळी बघा, डावणी असेल तर खालनं पांढरी बुरशी आलेली दिसेल. सकाळी पिशवी सोडली, पानं होती तशीच. मॅग्नेशियमची कमतरता होती. दोन-चारशे रुपयांच्या मॅग्नेशियम सल्फेटवर काम झालं. त्या दिवशी त्या माणसाला पेट्रोलचे पैसेसुद्धा सुटले नसतील. पण तेव्हापासनं आमचे दीर दुसऱ्या दुकानाची पायरी चढलेले नाहीत आणि कुठं काय दरानं मिळतं ते विचारतपण नाहीत. मी हिशेबवाली, मी एकदा म्हटलं भाऊजी पाच-सात टक्के जास्त जातात तुमचे, तर म्हणाले वहिनी, तो "नको" म्हणतो, म्हणून तो "घ्या" म्हणतो तेव्हा मी डोळे झाकून घेतो.

हे समोरच्या काचेच्या दुकानाला जमणार नाही, आणि जमणार नाही याचं कारण तो वाईट आहे म्हणून नाही. त्याचा धंदाच तसा उभा केलाय. चार रुपयांवर चालायचं तर रोज गाडीभर माल काउंटरवरनं हलला पाहिजे, माणूस बागेत पाठवला की त्या चार रुपयांत पेट्रोल बसत नाही. आणि त्याच्या काउंटरच्या पोरानं "आज फवारू नका" म्हटलं तर संध्याकाळी मालक विचारणार, आज गल्ला कमी का. म्हणजे तू जे करशील ते कॉपी करायचं तर त्याला आधी स्वतःचा ८ टक्क्यांचा बोर्ड काढावा लागेल. अशी जागा धर. नाहीतर एसी काय तो पण बसवतो आणि तू पण बसवशील, मग दोघांची बिलं वाढली, एवढंच.

कॉपीचं म्हणशील तर आपल्या द्राक्षवाल्यांना ते कशाला सांगायला पाहिजे. थॉमसनमधनं निवडून काढलेली तास-ए-गणेश ही आपल्याच तालुक्याची देणगी, तिकडं सोलापूरकडं नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी सोनाका काढली, आणि आज दोन्ही कुणाच्या बागेत नाहीत सांग? काडी या बांधावरनं त्या बांधावर जाते, कुणी अडवू शकत नाही. पण हजार वेलींत हा एक वेल वेगळा आहे हे ज्याला दिसलं त्याचा डोळा काडीबरोबर जात नाही. तुझ्याकडं बीएस्सी ॲग्री आहे आणि तू ती परवान्याला चिकटवून भिंतीवर टांगून ठेवलीयस. सकाळी आठला शटर उघडतोस आणि रात्री आठपर्यंत काउंटरच्या मागं उभा, मग तुझ्यात आणि त्या पोरात गिऱ्हाइकाला फरक दिसावा तरी कसा?

दुसरं तुझ्याकडं आहे ते म्हणजे वडलांची वही. उधारीची म्हणत नाही मी. कुणाची बाग कुठल्या व्हरायटीची, किती एकर, जमीन काळी का मुरमाड, पाणी म्हैसाळ योजनेचं का बोअरचं, छाटणी कधी धरतो, गेल्या साली काय झालं होतं, हे सगळं त्यांच्या डोक्यात आहे. ते कागदावर आण. छाटणीची तारीख आणि एकर, एवढे दोन रकाने जरी भरलेस तरी बघ काय होतं. आपल्याकडं बाग तारखेनं नाही, दिवसांनी मोजतात, बाग पंचवीस दिवसांची, बाग पंचेचाळीस दिवसांची. मग ७० प्लॉटच्या छाटणीच्या तारखा तुझ्याकडं असल्या की पुढच्या दहा दिवसांत किती एकर डिपिंगला, म्हणजे घड संजीवकात बुडवायला, येणार, किती फुलोऱ्यात असणार, कशाला काय किती लागणार हे तुला आधी कळतं. त्या मानानं माल मागव, रोखीत मागव, कंपनीचं कॅश डिस्काउंट तू पण घे. आत्ता तू काय करतोस मला माहीत आहे, मार्च अखेरीला कंपनीचा माणूस येतो, साहेब टार्गेटला थोडंच राहिलंय, बँकॉकची ट्रिप आहे, आणि तू अडीच-तीन लाखांचा माल भरून घेतोस. त्यातला निम्मा पुढच्या सीझनला कपाटात आणि मग एक्स्पायरीच्या आत खपवायची घाई, आणि घाईत कुणालातरी गरज नसताना दिला जातो. माझ्या एका जुन्या अशिलाचं हेच झालं होतं, दोन वेळा बँकॉक बघून आला आणि एक्स्पायरीचा आकडा काढला तेव्हा विमान स्वतःच्या पैशानं केलं असतं तर स्वस्त पडलं असतं. ट्रिपा बंद कर. कंपनीच्या माणसाला चहा दे.

रोज सकाळी वडील गल्ल्यावर, तू सहा ते साडेनऊ बागेत. पण सगळ्या बागेत नाही. १८० का किती कस्टमर असतील त्यातले ६०-७० प्लॉट निवड, जास्त घेतलेस तर कुठंच धड पोचणार नाहीस आणि मग "येतो येतो म्हणतो, येत नाही" असं नाव झालं की संपलं. निवडताना रोखीवाले आधी, तुला सोडून गेलेले पण त्यात धर, लाजायचं काय त्यात, सरळ जाऊन म्हण काका माल कुठलाही घ्या, मी बाग बघून जातो. एक्स्पोर्टच्या प्लॉटवाले तर सोडूच नको. ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांच्या सरकारी नोंदणीत, नोंद केलेल्या प्लॉटला कुठलं औषध काढणीआधी किती दिवस बंद करायचं हे चुकलं तर रेसिड्यूत, म्हणजे औषधाचा अंश सापडून, माल अडकतो आणि सगळं वर्ष जातं, त्या माणसाला ३०० रुपयांचं काही वाटत नाही, त्याला झोप पाहिजे. पुण्याजवळच्या मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राची औषधांची यादी आणि काढणीआधीचे दिवस तुला तोंडपाठ पाहिजेत. प्रत्येक प्लॉटची फवारणीची नोंद तू ठेव, एक प्रत त्याला, एक तुला. व्हॉट्सॲपवर सगळ्यांना एकच मेसेज ढकलू नको, गुड मॉर्निंगचं फूल तर नकोच, ज्याची बाग तीस दिवसांची त्याला तीस दिवसांचा मेसेज, एवढं केलंस तरी लोक उघडून वाचतील.

आणि एक कडू नियम. दर आठवड्याला निदान एकदा तरी तुझ्या तोंडनं "गरज नाही" निघालं पाहिजे, मनापासनं. सल्ला देणारा आणि माल विकणारा एकच माणूस असला की शेतकऱ्याच्या मनात पाल चुकचुकतेच, आणि बरोबर चुकचुकते.

मेहुण्याचं पटापट संपवते. रील करायची तर कर, पानं उलटी करून दाखव, नाचू नको. कवठेमहांकाळची शाखा नको, प्रत्येक जागेला वेगळा परवाना, परवान्याला शिकलेला माणूस, आणि वर तिथं नवीन उधारी, आहे तीच गोळा होईना. युरियाच्या दरावरनं त्याच्याशी भांडू नको, ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना त्याचीपण आणि तुझीपण, त्यात कुणाचं घर चालत नाही.

आता ५८ लाख. हे तुझं सगळ्यात अवघड काम आहे आणि इथं मी तुला गोड बोलणार नाही. २०२५ आठवतं ना, मे महिन्यातच पाऊस लागला, काडीत घडच तयार झाला नाही, ऑक्टोबर छाटणीनंतर कित्येक बागांत नुसता पाला. असं एखादं साल परत आलं तर समोरच्याचं रोखीचं गिऱ्हाईक आटेल, त्याला त्रास होईल, पण त्याचे पैसे त्याच्या हातात असतील. तुझे ५८ च्या ठिकाणी ७० होतील आणि सीसीची लिमिट संपेल. तेव्हा स्पर्धा-बिर्धा राहू दे, शटर वर राहतंय का तेवढं बघावं लागेल.

वहीतले तीन ढीग कर. एक, जे देतात पण उशिरा, त्यांना तारीख पाहिजे, भांडण नको. दोन, ज्यांची खरंच बाग गेली, त्यांना हप्ते बांधून दे, दोन सीझन घेऊ देत. तीन, जे समोरच्या दुकानात रोखीनं घेतात आणि तुझी बाकी ठेवतात, आणि असे आहेत, मी पैज लावते, यादी काढ म्हणजे दिसतील. तुझ्याच पैशानं तिकडं ८ टक्के वाचवतात ते. त्यांना नवीन एक बाटलीसुद्धा उधार नाही, बागेत चक्कर पण नाही, जुनी बाकी मिटल्याशिवाय. बाकी सगळ्यांना एकच वाक्य, जुनं राहू दे हळूहळू, नवीन रोखीत. चारातला एक रागावून जाईल. जाऊ दे, तो गेल्यावर व्याज तेवढं वाचतं.

लोक म्हणतील असं कुठं असतं का. असतं, आणि आपल्याच तासगावात असतं. बेदाण्याचे सौदे दिवाळीच्या सुमाराला काही दिवस बंद ठेवून व्यापारी आणि अडते झिरो पेमेंट करतात की नाही? एकमेकांचं देणंघेणं शून्यावर आणायचं आणि मगच नवीन सौदे. एवढा मोठा बाजार थांबू शकतो तर तुझं दुकान का नाही. तू पण तुझी झिरो तारीख ठरव, छाटण्या सुरू व्हायच्या आत, तासगावच्या गणपतीच्या रथोत्सवाचा दिवस धर, सोपा पडतो लक्षात ठेवायला. पहिल्या साली शून्य होणार नाहीच, ५८ चे ४० झाले तरी वर्षाचे दोन लाख वाचतात.

वसुलीला एकटा जाऊ नको, वडलांना घेऊन जा. बोलायचं तू, त्यांनी नुसतं बसायचं, चहा घ्यायचा, बागेचं विचारायचं. ज्यांनी वीस-पंचवीस वर्षं माणसं सांभाळली त्यांना तू दाराबाहेर ठेवून पैसे मागायला गेलास तर लोक म्हणतील पोरानं बापाचं नाव घालवलं, आणि वडलांना पण ते तसंच वाटेल, ते बोलून दाखवणार नाहीत. ते शेजारी बसलेले असले की समोरच्याला "नाही" म्हणणं जरा जड जातं, आणि मला वाटतं वडलांनापण तुझा हिशेब तिथंच पहिल्यांदा खरा पटेल, चार घरी "दर आला की देतो" लागोपाठ ऐकल्यावर.

समोरचा यावर काय करेल? ८ चे १० करेल थोडे दिवस. करू दे, तू ५ वरनं हलू नको. माझा अंदाज असा की दोन सीझनात तोच उधारी द्यायला लागेल, कारण चार गावांत रोखीवाले असून असून किती असणार, आणि टार्गेट तर दरवर्षी वाढतं. त्यानं उधारी सुरू केली की त्याच्या ८ टक्क्यांत ते बसणार नाही. तोपर्यंत तुझी वही रिकामी झालेली पाहिजे.

नोव्हेंबरात मला दोनच आकडे कळव, उधारी किती राहिली आणि किती प्लॉटच्या छाटणीच्या तारखा वहीत लिहिल्यास. विक्री नाही कळवलीस तरी चालेल. आणि ते ओल्या फडक्यातलं पान, तुला कॉलेजात कुणी दाखवलं होतं का माहीत नाही, पण वडलांना विचारून बघ, त्यांना नक्की ठाऊक असणार.